वॅटचा हिशेब: गाडीतील सबवूफर, ॲम्प्लिफायर आणि त्यांना पोसणारा अल्टरनेटर

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही, आणि शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जात असला तरी आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरलेल्या माणसाला डोळखांब, शेणवे, किन्हवली गाठण्यासाठी पुन्हा रस्त्याचीच वाट धरावी लागते. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या या दोन ग्रामीण तालुक्यांत एसटीच्या खालोखाल जीप, ईको, बोलेरो आणि पिकअप टेम्पो यांच्यावरच दळणवळणाचा भार आहे. दिवसाचे दहा-बारा तास गाडीत काढणाऱ्या चालकाला गाण्याची सोबत लागते, पौषातील म्हसा यात्रा उरकून लग्नसराई सुरू झाली की वऱ्हाडालाही ती हवी असते, आणि त्या गाण्यात छातीला जाणवणारा खोल ‘बेस’ असावा ही हौस आता गावोगावी पोचली आहे. या हौसेपायी आसन काढून तिथे पेटी बसवली जाते, ॲम्प्लिफायर जोडला जातो, आणि काही आठवड्यांतच कॉइल जळते, फ्यूज उडतो किंवा भल्या पहाटे गाडी सेल्फ घेत नाही. अशा बिघाडांचा दोष सहसा मालाच्या दर्जाला दिला जातो. पण पुष्कळदा मूळ कारण असते ते वूफर, ॲम्प्लिफायर आणि गाडीची वीज या तिघांच्या क्षमतांचा मेळ न घातल्याचे.

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेला आवाज ऐकू येतो. यांपैकी सुमारे ८० हर्ट्झच्या खालचे सूर उमटवण्यासाठी जो मोठ्या पडद्याचा स्पीकर वापरतात तो सबवूफर होय. त्याची रचना १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी मांडलेल्या फिरत्या कॉइलच्या स्पीकरहून तत्त्वतः वेगळी नाही: चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढेमागे सरकते आणि त्याला चिकटवलेला शंकू हवा ढकलतो. खोल सुरांसाठी हवा पुष्कळ ढकलावी लागते, म्हणून शक्ती जास्त लागते, आणि गाडीच्या डेकमधील छोटा ॲम्प्लिफायर ती पुरवू शकत नसल्याने स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवावा लागतो.

ही शक्ती वॅटमध्ये मोजतात आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. खोक्यावर छापलेला ‘२००० वॅट’ किंवा ‘५००० वॅट’ हा आकडा बहुधा कमाल शक्तीचा असतो, म्हणजे एखाद्या क्षणार्धापुरती, कितीही विकृत स्वरूपात मिळू शकणारी शक्ती. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ या नावाने जे भलेमोठे आकडे झळकत, त्यांचाच हा वारसा म्हणावा लागेल. जुळणीसाठी उपयोगी पडतो तो आरएमएस या खुणेने दिलेला आकडा, कारण तो उपकरणाला सातत्याने देता किंवा झेलता येणारी सरासरी शक्ती सांगतो. अमेरिकेतील ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये गाडीच्या ॲम्प्लिफायरसाठी एक ऐच्छिक मानक आणले, ज्यात १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा भार आणि १ टक्क्याहून अधिक नसलेली विकृती या अटींवर शक्ती मोजावी असे ठरले. सीईए-२००६, आणि आता सीटीए-२००६, असा उल्लेख ज्या खोक्यावर असेल त्याच्या आकड्यावर त्यामानाने विश्वास ठेवता येतो. असा उल्लेख नसेल तर ॲम्प्लिफायरच्या अंगावरील फ्यूज पाहणे हा साधा आणि बराच खात्रीचा उपाय आहे. फ्यूजचे अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट केले की ॲम्प्लिफायर सातत्याने ओढू शकेल त्या विजेचा अंदाज मिळतो, आणि त्यातील सुमारे ८० टक्केच ‘क्लास डी’ जातीचा ॲम्प्लिफायर स्पीकरपर्यंत पोचवतो. ज्याच्यावर ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे तो या हिशेबाने ३३० वॅटच्या आसपास थांबतो, मग खोक्यावर २००० लिहिलेले असो वा ५०००. जुन्या ‘क्लास एबी’ जातीत हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांवरच येते.

दुसरा आकडा अडथळ्याचा, म्हणजे ओहमचा. कॉइल प्रवाहाला जितका कमी अडथळा करते तितका जास्त प्रवाह ॲम्प्लिफायरमधून वाहतो, आणि म्हणून तोच ॲम्प्लिफायर ४ ओहमवर ३०० वॅट, तर २ ओहमवर ५०० वॅट देतो. आजकालच्या पुष्कळ वूफरांत दोन कॉइली असतात. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइली समांतर जोडल्या, म्हणजे दोन्हींचे अधिक टोक एकत्र आणि उणे टोक एकत्र केले, तर एकूण भार २ ओहम होतो. एकीचे उणे टोक दुसरीच्या अधिक टोकाला देऊन एकसर जोडल्या तर ८ ओहम होतो. ३०० वॅट आरएमएस झेलणारा असा १२ इंची वूफर वर सांगितलेल्या ॲम्प्लिफायरला समांतर जोडल्यास त्याच्यावर ५०० वॅटचा मारा होऊ शकतो आणि एकसर जोडल्यास जेमतेम १५० वॅट पोचतात. वूफर तोच, ॲम्प्लिफायर तोच, फरक फक्त तारेच्या एका जोडणीचा. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे २ ओहमपर्यंतच चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला असे दोन वूफर समांतर जोडून भार १ ओहमवर आणणे, कारण मग प्रवाह दुप्पट होऊन ॲम्प्लिफायर स्वतःच तापतो आणि संरक्षक मंडल नसेल तर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. खरेदीपूर्वी ‘किती वॅट’ विचारताना ‘किती ओहमवर’ हे न विचारणे म्हणजे अर्धाच प्रश्न विचारणे होय.

कॉइल का जळते, याबद्दल मात्र थोडे थांबून विचार करायला हवा, कारण याबाबत दुकानांतून आणि चालकांच्या गप्पांतून दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. एक म्हणते मोठ्या ॲम्पने कॉइल जळते, दुसरे म्हणते लहान ॲम्पने. सबवूफरकडे आलेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी, आवाजात बदलते आणि उरलेली सगळी उष्णता होते. ३०० वॅट म्हणजे कॉइलच्या त्या चिमूटभर तारेत जवळपास ३०० वॅटचा हीटर. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून कॉइल २०० अंशांनी तापली की तिचा रोध पावणेदोन पट होतो, आवाज मलूल पडतो, आणि मलूल पडलेला आवाज भरून काढण्यासाठी चालक आणखी व्हॉल्यूम वाढवतो. शेवटी तारेवरील वॉर्निश आणि तिला धरून ठेवणारा गोंद सुटतो. जळक्या वॉर्निशचा तो उग्र वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

लहान ॲम्पचा दोष वेगळ्या वाटेने येतो. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज मागितला की तो लहरीचे माथे सपाट कापू लागतो; याला क्लिपिंग म्हणतात. गोलाईदार लहर पूर्णपणे चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या लहरीत सरासरी शक्ती दुप्पट होते, म्हणजे २०० वॅटचा ॲम्प पुरता कापला गेला तर ४०० वॅटच्या जवळ जाऊ शकतो. पुढचा वूफर ५०० वॅटचा असेल तर तो कर्कश वाजेल पण जळणार नाही, आणि २५० वॅटचा असेल तर जळेल. जाळणारी गोष्ट दोन्ही मतांत एकच आहे, ती म्हणजे कॉइलच्या सहनशक्तीहून जास्त सरासरी शक्ती.

यातून जुळणीचा जो नियम निघतो तो सर्व गाड्यांना सारखा लागू पडत नाही. घरची गाडी, एकच मालक आणि आवाज ओळखून व्हॉल्यूम आवरणारा हात असेल, तर ॲम्प्लिफायरची आरएमएस शक्ती वूफरइतकी किंवा किंचित अधिक ठेवावी, म्हणजे माथे कापले जात नाहीत. शहापूर-किन्हवली-सरळगाव अशा रस्त्यावर भाड्याने फिरणाऱ्या, वऱ्हाडात दहा जणांचे हात लागणाऱ्या गाडीत उलट करावे: वूफरची क्षमता ॲम्प्लिफायरच्या दीडपट तरी असावी, कारण तिथे क्लिपिंग होणार हे गृहीतच धरावे लागते. हळदीच्या रीमिक्स गाण्यांत खोल सूर जवळजवळ अखंड चालू असतो, त्यामुळे सरासरी शक्ती साध्या भावगीताच्या कितीतरी पट राहते आणि कॉइलला निवायला उसंत मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता या साऱ्याला वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरकडे, ज्याला अजूनही अनेक जण डायनामोच म्हणतात, वळले पाहिजे. जुळणीतील सर्वांत दुर्लक्षित घटक हाच आहे. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे २७ अँपिअर ओढतो, ५०० वॅटचा ४५ अँपिअर, आणि १००० वॅटचा ९० अँपिअर. प्रवासी गाड्यांच्या अल्टरनेटरची क्षमता साधारणपणे ६० ते १०० अँपिअरच्या घरात असते, तो आकडा त्याच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि खरेदीआधी वाचावा. हा आकडाही इंजिन वेगात असतानाचा आहे. मांडवासमोर आयडलिंगवर उभ्या गाडीत तो निम्म्यावर येऊ शकतो, आणि त्यातूनच हेडलाइट, पंखा आणि इंजिनची स्वतःची गरज भागवायची असते. हेडलाइटचे ५५-६० वॅटचे दोन दिवेच आठ-नऊ अँपिअर घेतात.

मागणी पुरवठ्याहून वाढली की फरक बॅटरी भरून काढते आणि व्होल्टेज १४ वरून १२ कडे घसरते. व्होल्टेज घसरले की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १४.४ व्होल्टवर मोजलेला ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर सुमारे ७० टक्केच शक्ती देतो आणि तितक्याच लवकर माथे कापू लागतो. कसारा किंवा माळशेज घाटात रात्री हेडलाइट गाण्याच्या ठेक्यावर मंद-तेज होताना दिसत असतील, तर ती हौसेची खूण समजू नये. समोरचे वळण अंधारात जात आहे आणि कॉइलही तापत आहे, असा तिचा अर्थ आहे. यावर उपाय म्हणून १ फॅरडचा कपॅसिटर विकला जातो. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो २६ जूल ऊर्जा देतो, आणि ६२५ वॅट ओढणाऱ्या ॲम्प्लिफायरला ती सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती पुरते. त्यावर खर्च करण्यापेक्षा बॅटरीचे टर्मिनल साफ करून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. दुसरी बॅटरी साठा वाढवते, वीज निर्माण करत नाही. इंजिन बंद ठेवून वाजवल्यास ५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून २७ अँपिअरने तासाभरातच इतके ओढले जाते की स्टार्टर फिरणे कठीण होते, आणि स्टार्टरसाठी बनलेली बॅटरी अशी वारंवार रिकामी झाली की तिचे आयुष्यही घटते. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गावात तीच एक गाडी असते, तेव्हा ही गोष्ट करमणुकीपुरती राहत नाही.

वायरीच्या बाबतीत फसवणूक सोपी आहे. ४ गेजच्या तांब्याच्या वायरीचा छेद सुमारे २१ चौरस मिलिमीटर असतो आणि पाच मीटर लांबीत ४५ अँपिअरला ती जेमतेम ०.२ व्होल्ट खाते. ८ गेजची वायर तेवढ्यातच अर्ध्या व्होल्टच्या जवळ जाते. स्वस्त संचातील वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तिचा रोध दीडपट भरतो. एक तार ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर एक माप जाड वायर घ्यावी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण त्याच्या मागची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला तोडणारे काहीच नसते आणि गाडी पेट घेऊ शकते. बॉडी अर्थ देताना रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे, कारण सह्याद्रीच्या पायथ्याच्या या धुवांधार पावसात एका मोसमात तिथे गंज धरतो आणि मे महिन्यात नीट चाललेली यंत्रणा गणपतीत रुसते.

एवढी शक्ती खरोखर लागते का, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट भासावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३०० वॅटवरून ६०० वर जाण्यासाठी पैसे आणि अँपिअर दुप्पट मोजून पदरात पडते ते इतकेच. याउलट बंद गाडी स्वतःच बेसला मदत करते: ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते, अडीच मीटरच्या केबिनमध्ये ती मावत नाही, आणि सुमारे ७० हर्ट्झच्या खाली सारी केबिन एकदम दाबली-सोडली जाऊन आवाज वाढत जातो. खिडक्या उघड्या टाकून धावणाऱ्या जीपमध्ये हा लाभ बराच कमी होतो. पिकअपच्या उघड्या हौद्यात तो मुळीच मिळत नाही; शिवाय गाडीचा सबवूफर १ वॅटला १ मीटरवर साधारण ८५ डेसिबल देतो, तर मैदानी कार्यक्रमांचा मोठा वूफर ९५ च्या आसपास, म्हणजे त्याच आवाजासाठी गाडीच्या वूफरला दहापट वीज द्यावी लागेल. हळदीच्या मिरवणुकीसाठी गाडीचा सबवूफर वापरणे हे म्हणूनच मुळात चुकीचे हत्यार निवडणे आहे, आणि ती चूक मोठा ॲम्प्लिफायर घेऊन सुधारत नाही.

पेटीचेही असेच आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात स्पीकरची मोजमापे आणि पेटीचे आकारमान यांचा गणिती संबंध मांडला, तेव्हापासून कंपन्या प्रत्येक वूफरसाठी किती लिटरची पेटी हवी हे सांगतात. बंद पेटीत आतली हवा शंकूला सावरते. नळी असलेल्या पेटीत आवाज जास्त मिळतो, पण तिच्या ठरलेल्या सुराच्या खाली शंकू मोकाट सुटतो आणि वॅट मर्यादेत असतानाही फाटू शकतो, म्हणून तिथे अतिखोल सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवणे आवश्यक आहे. एमडीएफची पेटी ओलीने फुगते. इथल्या पावसाळ्यात १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय टिकतो.

जोडणी झाल्यावर ॲम्प्लिफायरवरील गेनची कळ ठरवायची असते. ती व्हॉल्यूमची कळ नसून डेककडून येणारा संकेत आणि ॲम्प्लिफायरची ताकद यांची सांगड घालते. वूफरची वायर काढावी, इंजिन सुरू करावे, बेस बूस्ट बंद करावा, डेक पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून ५० हर्ट्झचा चाचणी सूर लावावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोके आउटपुटला लावावीत. हवे असलेले वॅट गुणिले ओहम, आणि त्या गुणाकाराचे वर्गमूळ, हे अपेक्षित व्होल्ट होत. ३०० वॅट आणि २ ओहमसाठी ६०० चे वर्गमूळ सुमारे २४.५ येते. गेन हळूहळू वाढवत मीटर तिथे पोचला की थांबावे. घरच्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच असल्याने साधा स्वस्त मीटरही या सुरावर बरोबर वाचतो. पुढे कोणी बेस बूस्ट ६ डेसिबलने वाढवला, तर तो त्या सुरावर चौपट शक्ती मागतो आणि हा सारा हिशेब कोलमडतो.

आवाज गाडीबाहेर जातो तेव्हा कायदाही लागू होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या बंदीला बळ दिले. या मर्यादा ज्या ‘ए’ श्रेणीत मोजतात ती कानाच्या संवेदनेला धरून खोल सूर कमी मोजते, ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबलने. मीटरवर ७५ दिसत असताना निव्वळ ५० हर्ट्झचा दाब १०५ डेसिबलचा असू शकतो. हा दाब कुडाच्या आणि पत्र्याच्या घरात सहज शिरतो, आणि तिथल्या आजाऱ्याला व तान्ह्या मुलाला त्यापासून सुटका नसते.

कॉइल जळलीच, तर वूफर टाकून देण्याची गरज नसते. कल्याण-ठाण्यात कॉइल आणि शंकू बदलून देणारे कारागीर आहेत. शंका आल्यास शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो सारख्या दाबाने आत ढकलावा. खरखर लागली तर कॉइल फुगून चुंबकाला घासते आहे. मीटरवर ४ ओहमची धडधाकट कॉइल साधारण ३.२ ते ३.७ ओहम दाखवते. नवी कॉइल मूळ मापाचीच मिळेल असे नाही, म्हणून दुरुस्तीनंतर वूफर परत जोडण्याआधी ती पुन्हा मोजावी, कारण ४ ओहमच्या जागी २ ओहमची कॉइल आली असेल तर ॲम्प्लिफायरचा भार, गेनचे व्होल्ट आणि अल्टरनेटरवरील अँपिअर, हे तीनही आकडे नव्याने काढावे लागतात.